अमीनाआपा आणि अंगणातली मोटार

दुपारी रशीदचा फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत बसले होते. रशीद म्हणजे अमीनाआपांचा भाचा, उमरग्याला त्यांच्याच घरात राहतो. "मावशी, आपा गेल्या," एवढंच म्हणाला. त्याच्या मागं अंगणात माणसांची कुजबूज चाललेली मला ऐकू येत होती. सकाळी चहा पिऊन त्या भिंतीला टेकून बसल्या आणि बसल्या जागीच गेल्या. मातीला पोचणं शक्य नव्हतं. सोलापूरहून उमरगा काही फार लांब नाही, पण या वयात मला कुणीतरी न्यावं लागतं आणि मुलगा कामावरून यायला उशीर होता. फोन ठेवून मी उरलेले वाटाणे सोलले. सुनेला सांगितलं तर ती हळहळली, "वय झालं होतं ना त्यांचं," म्हणाली. खरं आहे. वय झालं होतं. माझंही झालं आहे. पण मला 'इंदू' म्हणून हाक मारणारं शेवटचं माणूस गेलं, हे तिला कसं सांगायचं? आता मी आई आहे, आजी आहे, काकू आहे. इंदू कुणाचीच नाही.

लग्न होऊन मी उमरग्याला आले तेव्हा महायुद्ध संपत आलं होतं. आमच्याकडं निजामाचं राज्य. माझे यजमान तिथं शाळेत मास्तर होते आणि त्यांनी अमीनाआपांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. आपा मागं राहायच्या, एकट्या. आमच्या स्वयंपाकघरातून त्यांच्या अंगणात उघडणारं एक दार होतं. पहिल्या दिवशी मी ते दार उघडून बघितलं आणि थक्कच झाले. अंगणात पत्र्याखाली एक मोटार उभी होती. काळी, जुनी, टपाचं कापड ठिकठिकाणी शिवलेलं. आणि तिच्या बोनेटची एक बाजू वर करून एक बाई आत डोकं घालून काहीतरी पुसत होती. माझी चाहूल लागली तशी वळली. गोरी, उंच, कपाळावर वंगणाचा डाग. "मास्तराची बायको व्हय तू? ये की. घाबरू नको, ही चावत न्हाय," असं म्हणाली आणि मोटारीवर थाप मारून हसली. तेव्हा त्या तिशीच्या आतबाहेर असतील.

ती मोटार त्यांच्या नवऱ्याची. हबीब वकील हे त्यांचं नाव. मी त्यांना पाहिलं नाही, मी येण्याच्या आधीच ते तापानं गेले होते. पण आपांच्या बोलण्यातून मला ते इतके माहीत झाले, की रस्त्यात भेटले असते तर ओळखले असते. मोटार बिघडली की दुरुस्तीला सोलापूर गाठावं लागे, म्हणून वकीलसाहेब घरीच खोलून बसायचे. कचेऱ्यांना सुट्टी तेव्हा शुक्रवारची. नमाज झाली की शेरवानी काढून ठेवायची आणि अंगणात पोतं अंथरून मोटारीखाली शिरायचं. आपा ओट्यावर तांदूळ निवडत बसायच्या. साहेबांना काम करताना मोठ्यानं बोलायची सवय. हा प्लग, ही तार, इकडून करंट येतो, तिकडं जातो... कोर्टात बाजू मांडावी तसं ते स्वतःशीच मांडायचे आणि आपा ऐकायच्या. मग पाना हातात द्यायला म्हणून उठायच्या. मग एकदा त्यांचा हात पोचेना म्हणून आपांनी हात घातला. "तवापासनं तांदूळ निवडायचं काम दुसऱ्या बाईला लावलं," असं सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या संसाराचं जे काही हसणंखिदळणं असेल, ते त्या बोनेटखालीच झालं असावं.

साहेब गेल्यावर हैदराबादचे नातेवाईक न्यायला आले. मोटार विकू, घर भाड्यानं देऊ, तू आमच्याकडं चल. आपा गेल्या नाहीत. मोटार पण विकू दिली नाही. दर शुक्रवारी दस्तगीरचाचा यायचे. हे आपांच्या माहेरचे, सास्तूरचे. साहेबांकडं ड्रायव्हर होते, आता वय झालेलं. ते हँडल मारून मोटार चालू करायचे, आणि आपा आत, मागच्या सीटवर जाऊन बसायच्या. कुठं जायचं नसायचं. पेट्रोल मिळायची मारामार, ते डब्यांत जपून ठेवलेलं. थोडा वेळ इंजिन चालायचं, सगळं अंगण थरथरायचं, आणि आपा खिडकीतून समोरच्या भिंतीकडं बघत बसलेल्या असायच्या. मग चाचा मोटार बंद करायचे. त्या उतरायच्या आणि स्वयंपाकाला लागायच्या. मी दाराच्या फटीतून ते कितीदा पाहिलं असेल... त्या वेळी त्यांच्याशी बोलायला जाऊ नये, एवढं मला न सांगता कळत होतं.

पुढं देश स्वतंत्र झाला, पण आमच्याकडं निजामाचंच राज्य राहिलं. यजमान चळवळीतल्या लोकांत ऊठबस करत. एक दिवस त्यांना निरोप आला की तुमचं नाव घेतलं जातंय, आणि ते सरहद्द ओलांडून सोलापूरला निघून गेले. मला दिवस गेले होते. थोडं स्थिरस्थावर झालं की तुला नेतो, असं सांगून गेले खरे, पण नंतर रस्तेच बंद होत गेले. मोटारगाड्या थांबल्या, टपाल थांबलं. आता भिंतीच्या या बाजूला मी एकटी, त्या बाजूला आपा एकट्या. एका संध्याकाळी त्यांनी दार वाजवलं. हातात ताट. "एकटीच्यानं घास उतरत न्हाय बघ. तू तिकडंच बस, मी इकडं बसते," म्हणाल्या. माझं सोवळंओवळं त्यांना माहीत होतं. मधल्या दाराच्या उंबरठ्याच्या अलीकडं माझं ताट, पलीकडं त्यांचं, आणि मध्ये दिवा. त्या दिवसापासून आम्ही रोज तशाच जेवलो. पहिलटकरीण होते, म्हणून मला काही काही खावंसं वाटायचं. आपा चिंचेची चटणी वाटीत घालून उंबरठ्यावर ठेवायच्या आणि तोंड दुसरीकडं फिरवायच्या, म्हणजे मी घेतली की नाही हे त्यांनी बघितलं असं व्हायला नको. मी पहिल्यांदा घेतली त्या दिवशी त्यांनी नुसती वाटी रिकामी उचलून नेली.

तो उन्हाळा वाईट गेला. गावातून रझाकारांची गस्त फिरायची. एका सकाळी दोन माणसं आमच्या पुढच्या दाराशी आली, मास्तर कुठं आहे विचारू लागली. मी दाराला कडी लावून आत उभी, पोटावर हात धरून. तेवढ्यात मागून, अंगणातल्या भिंतीआडून आपांचा आवाज आला. स्वच्छ उर्दूत त्यांनी विचारलं, की एका विधवेच्या घरात जनान्याशिवाय कुणी नसताना दार ठोठावण्याची ही कुठली रीत? माणसं गेली. जाताना एकजण म्हणाला, पुन्हा येऊ. आपा मधल्या दारानं आत आल्या. "इंदू, आता तू हितं ऱ्हायचं न्हाय. उद्या पहाट झाली की मोटारीनं सरहद्दीवर सोडते," म्हणाल्या.

दस्तगीरचाचांना बोलावणं गेलं. डब्यातलं पेट्रोल घातलं. चाचांनी हँडल मारलं. मोटार घरघरली नाही, खोकली नाही, काहीच नाही. पुन्हा मारलं, पुन्हा मारलं. चाचा घामानं निथळले. "बेटी, बॅटरी बसली असंल. मला चालवायची तेवढी ठावं, तिच्या पोटातलं अल्लाला ठावं," असं म्हणून ते मटकन ओट्यावर बसले. आपांनी आत हात घालून भोंगा दाबला. तो जोरात वाजला. "बॅटरी हाय," त्या म्हणाल्या. मग बोनेट उघडून त्यांनी एक जाड तार उपसली, तिला फडकं गुंडाळून तिचं टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरलं आणि चाचांना हँडल मारायला सांगितलं. मला म्हणाल्या, "इंदू, तू बघ. ठिणगी पडती का सांग." मी वाकून डोळे फाडून बघत होते. ठिणगी नाही. त्यांनी दुसऱ्या बारक्या तारा चाचपल्या, घट्ट केल्या, पुन्हा बघायला लावलं. ठिणगी नाही. तेव्हा त्या तशाच उभ्या राहिल्या, तार हातात धरून. "कॉइल मेली," म्हणाल्या. आत इंजिनाजवळ पट्टीनं आवळलेला एक काळा नळकांड्यासारखा डबा होता, तो मला दाखवला. बॅटरीचा बारका करंट त्या डब्यात मोठा होतो आणि मग त्याची ठिणगी पडते. साहेब असते तर सोलापूरहून आणली असती. आता सोलापूरच तर गाठायचं होतं.

मी रडायला लागले. आपा रडल्या नाहीत. फडक्याला हात पुसत बराच वेळ विचार करत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी दोन बुरखे आणले, एक माझ्या डोक्यावरून घातला. "चल, गौराक्काकडं जाऊ."

गौराक्का म्हणजे बाजारातल्या अडत दुकानदाराची बायको. लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, बोलण्यात निम्मं कानडी. त्यांच्या वखारीत मालाची एक लॉरी पेट्रोलवाचून नुसतीच उभी होती. बुरख्यातून मला धड दिसत नव्हतं, पायात अडकत होतं, श्वास कोंडत होता, आणि भर दुपारी ओळखीच्या रस्त्यावरून मी अनोळखी होऊन चालले होते. एक शेजारीण समोरून आली आणि माझ्याकडं न बघता निघून गेली... तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, आपा बाहेर पडतात तेव्हा त्यांना हे रोज असंच वाटत असेल. गौराक्कांनी आम्हांला आत घेतलं. आपांनी काही आडपडदा ठेवला नाही.

"अक्का, तुमच्या लॉरीतली एक चीज पाहिजे. हिला पोचवून आले की परत आणून बसवते."

गौराक्कांनी माझा बुरखा वर करून माझं तोंड बघितलं, मग पोटाकडं बघितलं. "तगो, तगो अव्वा," म्हणाल्या. घे म्हणून सांगत होत्या. "शेट जेवायला आले की मी सांगते त्यांना. ते न्हाय म्हणणार न्हाईत. म्हणाले तर उपाशी ठेवते."

आपा लॉरीच्या पायरीवर चढल्या. तारा सोडवण्याआधी त्यांनी ओढणीचा एक धागा तोडून एका तारेला बांधला, म्हणजे परत बसवताना तारा इकडच्या तिकडं व्हायच्या नाहीत. ही वकीलसाहेबांची पद्धत. कॉइल निघाली तशी त्यांनी ती बुरख्याखाली पोटाशी धरली. आम्ही दोघी तशाच परत आलो, दोघींचाही एक हात पोटाशी.

घरी आल्यावर त्यांनी मेलेली कॉइल काढली. तिची पट्टी गंजून बसली होती, पाना सटकून त्यांच्या बोटाची सालटं निघाली, पण थांबल्या नाहीत. नवी बसवली, बारक्या दोन तारा दोन बाजूंना आवळल्या, जाड तार मधोमध दाबली. काम करताना त्या मोठ्यानं बोलत होत्या. हिकडून करंट येतो, तिकडं जातो... ते त्यांचं बोलणं नव्हतंच. मी ओट्यावर बसून ऐकत होते. शेवटी त्या "बिस्मिल्ला" म्हणाल्या, चाचांनी हँडल मारलं, आणि मोटार धडाडून चालू झाली. चाचा दोन्ही हात वर करून हसायला लागले. मीही हसत होते. आपांनी मात्र हळूच बोनेट खाली केलं आणि त्याच्यावर हात पसरून उभ्या राहिल्या. मोटार मला न्यायला तयार झाली होती. त्यांनीच तयार केली होती. संध्याकाळी उंबरठ्यावर ताटं मांडली तेव्हा दोघींनाही जेवण गेलं नाही.

उजाडताना निघालो. मागं आम्ही दोघी बुरख्यात, पुढं चाचा. आपांनी चाचांना बजावलं होतं, वाटेत कुठंही इंजिन बंद करायचं नाही. नळदुर्गाच्या अलीकडं बंदूकवाल्यांनी अडवलं. चाचा म्हणाले, "जनाना है साहब, दवाखाने को जा रहे." एकजण खिडकीशी आला, इकडं दवाखाना कुठला म्हणून विचारू लागला. आपा बोलल्या. मरहूम हबीब वकिलांची बेवा आहे, माझी बहीण अडली आहे, तुम्हांला बहिणी असतील तर रस्ता सोडा... त्यानं माझ्या पोटाकडं बघितलं आणि बाजूला झाला. पुढं करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं नाकं लागलं, तिथले शिपाई झोपेत होते, त्यांनी नुसता हात केला.

सरहद्दीपाशी एक बैलगाडी सोलापूरकडं निघालेली होती. गाडीवानाशी चाचा बोलले. मी उतरले, बुरखा काढून आपांच्या हातात दिला. मोटार तशीच घरघरत उभी होती. "आपा, तुम्ही पण चला," मी म्हटलं. "परत जाऊन काय करणार एकट्या?"

"मी कुठं येऊ गं? माझा माणूस तिथं पुरलाय."

"निदान थोडे दिवस..."

"पेट्रोल जळतंय, इंदू," त्या म्हणाल्या. "जा तू. लेकरू झालं की कळव."

आमचा निरोप तेवढाच. इंजिन बंद करून चार शब्द बोलायचीही सोय नव्हती. मी बैलगाडीत बसले आणि ती काळी मोटार वळून आलेल्या रस्त्यानं परत जाताना बघत राहिले. मागच्या काचेतून त्या वळून बघतायत असं मला वाटलं. बुरख्यामुळं खात्री करता आली नाही.

सोलापूरला मुलगा झाला. पुढं भादव्यात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. आमच्या घरात पेढे वाटले. पण मग तिकडच्या बातम्या येऊ लागल्या. आता आपांसारख्यांची दारं ठोठावली जात होती. यजमान उमरग्याला जाऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "आपा आहेत." मी मुलाला घेऊन गेले तेव्हा थंडी पडली होती. अंगण रिकामं होतं. घराची दारं कुणीतरी काढून नेली होती, तिथं तट्टे लावलेले. आपांनी मुलाला मांडीवर घेतलं, त्याचे पाय बघितले, हात बघितले. मी विचारलं, "मोटार?" म्हणाल्या, "गेली." "आणि चाचा?" त्यावरही तेवढंच, "गेले." पुढं आयुष्यभरात त्यांनी या दोन शब्दांत तिसरा घातला नाही.

मला सांगितलं ते गौराक्कांनी. मला सोडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी आपा कॉइल घेऊन वखारीत हजर झाल्या आणि लॉरीत बसवू लागल्या. "मी म्हटलं, राहू दे की गं तुज्याकडं, आमची लॉरी कुठं पळती? तुलाच लागंल. हैदराबादला तुजी माणसं हायत. तर म्हणाली, अक्का, बोलले होते ना परत आणते म्हणून. आणि मला आता कुठं जायचंय? जायची होती ती पोचली." भादव्यात जमाव आला तेव्हा मोटार अंगणात होती, पण चालू होणारी नव्हती. गौराक्कांनी आपांना आधीच आपल्या घरी आणून ज्वारीच्या पोत्यांमागं बसवलं होतं आणि शेट दारात उभे राहून, आत आमच्या घरच्या बाया आहेत, असं म्हणत होते. चाचा मात्र आपांचं घर राखायला म्हणून तिकडंच थांबले होते. मोटार लोकांनी बैल जुंपून ओढत नेली.

एवढं होऊनही आपा तिथून हलल्या नाहीत. भावाचा मुलगा रशीद मोठा होऊन जवळ येऊन राहीपर्यंतची सगळी वर्षं त्यांनी त्या घरात एकटीनं काढली. शिवणकाम करायच्या, मुलींना शिकवायच्या. आम्ही सोलापूरचेच झालो. मी जमेल तशी जात राहिले, आधी मुलाला घेऊन, मग यजमानांबरोबर, मग यजमान गेल्यावर एकटी. तेव्हा आपांनी मला काही समजावलं नाही. संध्याकाळी दोन ताटं वाढली, आता उंबरठा मध्ये नव्हता, आणि म्हणाल्या, "जेव. एकटीच्यानं घास उतरत न्हाय, मला म्हाईत हाय."

आणखी एक सांगायचं राहिलं. पुढच्या रस्त्यावर मोटारी वाढल्या, रिक्षा आल्या, फटफट्या आल्या. आपांच्या घरासमोर कुणी गाडी चालू करायला लागलं, की त्या बोलता बोलता थांबायच्या. हातातला घास हातात राहायचा. गाडी चालू होऊन आवाज एकसारखा लागला, की मान हलवून राहिलेलं वाक्य पुरं करायच्या. मी याबद्दल कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मुलं हसायची त्यांना. रशीदच्या पोरी तर मुद्दाम नक्कल करायच्या.

आपांना जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला मुलानं मला उमरग्याला नेलं. अंगण माणसांनी भरलं होतं. ओळखीचं कुणी नव्हतं. गौराक्का जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. बायकांनी मला मधे बसवलं, चहा दिला, आपा किती चांगल्या होत्या ते सांगू लागल्या. त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या आपा म्हाताऱ्याच होत्या. मी त्यांना काहीतरी सांगत होते, बहुतेक चिंचेच्या चटणीचं... तेवढ्यात बाहेर कुणाची तरी रिक्षा चालू होईना. एकदा घरघरली, बंद पडली. पुन्हा घरघरली, पुन्हा बंद. मी गप्प झाले. बाकी सगळ्या बोलतच होत्या, कपबश्या वाजत होत्या, पोरं ओरडत होती. त्या एवढ्या माणसांत ऐकत बसलेली मी एकटीच होते. शेवटी रिक्षा चालू झाली, आवाज सरळ झाला आणि हळूहळू लांब गेला.

"मग, मावशी?" रशीदच्या बायकोनं विचारलं. "पुढं काय झालं?"

मी कुठपर्यंत आले होते, ते मला आठवेना.